अर्ध्या मिनिटाचा नट आणि सव्वाशे पानं

सोलापुरातून या वेळी आलेल्या पत्रांचा विषय जवळपास एकच आहे. घरातला किंवा गल्लीतला एखादा म्हातारा कलावंत, ज्याला कधीकाळी चार तालुके ओळखायचे, त्याच्या आयुष्यावर चित्रकादंबरी करायची आहे. कुणाचा नायक ऑर्केस्ट्रातला गायक आहे, कुणाचा सिनेमात खलनायकाच्या मागे हात बांधून उभा राहणारा नट. मोठ्या नटाचा चेहरा वाचक घरूनच घेऊन येतो, या माणसाचा चेहरा मात्र पुस्तकालाच शिकवावा लागतो. बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

प्रश्न : माझे चुलत आजोबा 78 वर्षांचे आहेत. त्यांनी मराठी सिनेमांत छोटी कामं केली, पुढे ऑर्केस्ट्राचं निवेदन केलं. त्यांच्यावर दोनशे पानं करायची आहेत. जन्मापासून सुरुवात केली. सात पानं झाली आणि गाडी अडली. – एक वाचक, जुळे सोलापूर

आधी हिशेब करा. एका पानाला पेन्सिलीचा एक दिवस, शाईचा एक दिवस, अक्षरं आणि स्कॅनिंगचा अर्धा दिवस धरा. नोकरी सांभाळून आठवड्याला दोन पानं झाली तरी खूप. म्हणजे दोनशे पानांना दोन वर्षं, आणि आजोबा आज 78 चे आहेत. पुस्तक त्यांच्या हातात पडावं असं वाटत असेल तर 128 पानांवर या. छपाईचा एक फर्मा 16 पानांचा असतो. 128 म्हणजे बरोबर आठ फर्मे. दोनशे पानांचे साडेबारा होतात, आणि त्या अर्ध्या फर्म्याचा खर्च उगाच अंगावर बसतो. शीर्षकपान, श्रेयनामावली वगैरे वजा जाता गोष्टीला 120 पानं उरतात. तीही पुष्कळ झाली.

जन्मापासूनची सुरुवात सोडून द्या. ज्याचं नाव वाचकाने ऐकलेलं नाही, त्याचं बारसं पाहायला तो थांबत नाही. छोट्या प्रसिद्धीची एक गंमत असते. ती एरवी झोपलेली असते आणि कुणी ओळखलं की जागी होते. म्हणून आजचा एकच दिवस घ्या, सकाळी दाढीपासून रात्रीच्या गोळीपर्यंत, आणि त्यात त्यांना कोण ओळखतं, कोण ओळखत नाही याची यादी करा. न्हावी, मेडिकलवाला, रिक्षावाला, बँकेतली नवी मुलगी. त्यांना सरकारी मानधन मिळत असेल तर हयातीचा दाखला देण्याचा प्रसंग हातचा सोडू नका. ‘मी जिवंत आहे’ हे खिडकीपलीकडच्या माणसाला पटवायचं असतं, आणि तो माणूस चेहरा न पाहता आधार क्रमांक विचारतो. प्रत्येक ओळखीच्या प्रसंगातून एक जुना काळ उघडेल. असे आठ-नऊ दरवाजे मिळाले की पुस्तकाचा सांगाडा उभा राहतो.

मग एका मोठ्या कागदावर काडेपेटीएवढे 128 चौकोन आखून सगळं पुस्तक काड्या-माणसांत काढून टाका. पान 1 उजव्या हाताला येतं, म्हणजे विषम पानं उजवीकडे आणि सम डावीकडे. वाचकाला धक्का द्यायचा असेल तर तो सम पानावर ठेवा, कारण पान उलटल्याशिवाय ते दिसत नाही. उजव्या पानावर ठेवलेला धक्का डावं पान वाचता वाचता डोळ्याच्या कोपऱ्यातून आधीच दिसून जातो. क्राऊन आकाराच्या (सव्वासात बाय साडेनऊ इंचांच्या) पानावर सरासरी पाच-सहा चौकटी ठेवा, त्याहून लहान डेमीवर चार. एका चौकटीत एकच क्रिया. ‘ते उठले, चष्मा लावला आणि दार उघडलं’ या तीन चौकटी आहेत.

प्रश्न : एकच माणूस 22, 40 आणि 75 वर्षांचा काढला की तीन वेगळी माणसं वाटतात. सुरकुत्या घातल्या तर तरुणाने म्हाताऱ्याचं सोंग घेतल्यासारखं दिसतं. – एक वाचक, साखर पेठ

सुरकुत्या सगळ्यात शेवटी. म्हातारपण आधी हाडात आणि मग उभं राहण्यात येतं, कातडीवर ते उमटतं त्यानंतर. तरुण कवटीवर रेषा मारल्या तर सोंगच दिसणार.

काय बदलतं ते क्रमाने पाहा. दात पडले की जबड्याचं हाड झिजतं, हनुवटी आणि नाक एकमेकांजवळ येतात. कवळी बसवली की चेहरा एका दिवसात पुन्हा भरतो, म्हणून कवळी कोणत्या वर्षी बसवली हे आवर्जून विचारा. तो बदल हळूहळू दाखवला तर चुकेल. नाकाचं टोक खाली झुकतं. कानाची लांबी वर्षाला पाव मिलिमीटरहून थोडी कमी वाढते, म्हणजे पन्नास वर्षांत सेंटिमीटरभर. वरचा ओठ लांबट आणि पातळ होतो. वरची पापणी डोळ्यावर उतरते, बुबुळाच्या कडेला फिकट कडं येतं. उंची तीन-चार सेंटिमीटरने घटते, पण डोकं तेवढंच राहतं. त्यामुळे डोकं मोठं दिसतं आणि मान पुढे येते. सदऱ्याच्या कॉलरमध्ये बोटभर पोकळी पडते, पँट पोटावर चढते. कपडे तेच आणि माणूस आत आटलेला. ही एक गोष्ट जमली तरी निम्मं काम झालं.

आता न बदलणाऱ्या तीन निशाण्या ठरवा. भुवयांमधलं अंतर, कानाच्या पाळीचा आकार, एखादा तीळ किंवा कपाळावरची खोक. चौथी निशाणी हालचालीची घ्या : बोलताना अंगठ्याने मिशी सारखी करणं, बसताना आधी डावा गुडघा धरणं. या चारही गोष्टी 22 व्या वर्षापासून प्रत्येक वयात दाखवा. वाचक चेहरा विसरला तरी अंगठा विसरत नाही.

कलावंताच्या बाबतीत केसांचा मुद्दा वेगळा आहे, कारण हे लोक कलप लावतात. तरुणपणीचे काळे केस काढताना शाईत चकाकीची पांढरी पट्टी सोडा. कलप लावलेले केस सपाट काळे भरा, चकाकी अजिबात नको. कपाळावरची कड जरा जास्तच रेखीव ठेवा आणि कानाजवळ पांढऱ्या खुंटांचे दोन-चार ठिपके द्या. शब्द न लिहिता वाचकाला कळतं. ज्या चौकटीत कलप पहिल्यांदा सुटतो, ती पुस्तकातली मोठी चौकट होऊ शकते.

कामाला बसण्याआधी चेहऱ्याचा तक्ता करा. 22, 35, 48, 62 आणि 78 अशी पाच वयं. प्रत्येकी समोरून, पाऊण वळलेला, बाजूने आणि पाठमोरा. वीस चित्रं झाली. ती दोन सेंटिमीटर उंचीवर छोटी करून, मिसळून, तुमच्या नायकाला कधीही न पाहिलेल्या माणसासमोर ठेवा. त्याला एका माणसाची चित्रं म्हणून ती जुळवता आली तर पुढे जा. नाही जमलं तर निशाण्या ठळक करा, सुरकुत्या नव्हे.

प्रश्न : मागचं सोलापूर काढताना काय चुकतं? – एक वाचिका, अशोक चौक

बहुतेक वेळा पाट्या चुकतात. 1975 च्या रस्त्यावरच्या गाडीला एमएच 13 ची पाटी काढलेली आम्ही पाहतो. ही पद्धत 1989 पासूनची. त्याआधी तीन अक्षरं आणि पुढे आकडे असत. 1 मे 1964 पूर्वीच्या इमारतीवर ‘महानगरपालिका’ लिहू नका, तोवर नगरपालिकाच होती. पत्रावर पिनकोड 15 ऑगस्ट 1972 नंतरच. दूरदर्शनचं मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 चं आणि रंगीत चित्र 1982 चं, त्यामुळे सत्तरच्या दशकातल्या बैठकीच्या खोलीत रेडिओ दाखवणंच सुरक्षित. बंद पडलेल्या मिलच्या चिमणीतून धूर काढू नका. हसू येईल अशी चूक आहे, पण होते.

दुसरी चूक सावलीची. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, साडेबाराच्या थोडं आधी. खांबाला सावली उरत नाही, माणसाची सावली पायाशी गोळा होते. उन्हाळ्यातल्या दुपारच्या प्रसंगाला लांब तिरकी सावली दिली की ते गाव सोलापूर राहत नाही. अशा वेळी डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली आणि हनुवटीखाली भरीव काळं टाका, बाकी कागद कोरा सोडा. म्हाताऱ्या चेहऱ्यासाठी हा उजेड निर्दय असतो, आणि म्हणूनच उपयोगाचा.

गड्ड्याचा, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचा, प्रसंग घेत असाल तर मिरवणुकीतले नंदीध्वज (उंच सजवलेल्या काठ्या) सात आहेत हे मोजून काढा. धरणाऱ्यांच्या अंगात पांढरी बाराबंदी असते, ती बंदांनी बांधतात, तिला बटणं देऊ नका. होम मैदानावरच्या गर्दीत तीनशे चेहरे काढायची गरज नाही. पुढचे सात-आठ नीट काढा, मागच्या ओळीत टोप्या आणि डोकी, त्यामागे नुसते ठिपके.

प्रश्न : वडील प्रत्येक वेळी वेगळं वर्ष सांगतात. कोणतं धरू? – एक वाचक, बुधवार पेठ

एकदम कोणतंच नाही. बोलणं एका बैठकीत पाऊण तासावर नेऊ नका. ‘कोणत्या साली?’ असं विचारण्यापेक्षा ‘तेव्हा कुठे राहत होतात, थोरली बहीण कितवीत होती?’ असं विचारा. माणूस सन विसरतो, घरभाडं विसरत नाही. मग कागदाशी ताळा करा. सिनेमाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं, त्यावर तारीख असते. नाटकाच्या प्रयोगांच्या जाहिराती स्थानिक दैनिकांच्या जुन्या अंकांत मिळतात. ‘संचार’च्या फायली आणि हिराचंद नेमचंद वाचनालय इथून चौकशी सुरू करा, सिनेमांसाठी पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. वडिलांनी ज्येष्ठ कलावंत मानधनासाठी अर्ज केला असेल तर त्या अर्जाची प्रत शोधा. कलासेवेचे पुरावे म्हणून जोडलेली प्रमाणपत्रं आणि कात्रणं एका जागी सापडण्याची ती उत्तम जागा.

ताळा होऊनही दोन हकिकती उरल्या तर दोन्ही काढा. एकाच प्रसंगाच्या दोन चौकटी शेजारी ठेवा : एकीत नायिकेने त्यांना नावाने हाक मारली, दुसरीत ‘ओ, बाजूला व्हा’ म्हणाली. खरं कोणतं ते सांगू नका.

प्रश्न : सिनेमातले त्यांचे प्रसंग पडद्यावर पाहून जसेच्या तसे काढले आहेत, एका गाण्याच्या चार ओळीही घेतल्या आहेत. घरचे स्टुडिओतले फोटो आहेत. परवानगी लागेल का? – एक वाचक, रेल्वे लाइन्स

फोटोंपासून पाहू. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन स्टुडिओत काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा गिऱ्हाईक असतो. म्हणजे लग्नातला, पासपोर्टचा, हौसेने काढलेला फोटो तुमच्या घरचा. पण चित्रीकरणाच्या जागी कंपनीच्या छायाचित्रकाराने काढलेला फोटो घरच्या अल्बममध्ये असला तरी तुमचा होत नाही.

सिनेमाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. 1978 चा सिनेमा 2038 अखेरपर्यंत संरक्षित आहे. त्यातली चौकट हुबेहूब उतरवणं धोक्याचं आहे. गाण्याचे शब्द कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, त्यामुळे चार ओळींनाही लेखी परवानगी मागा. ‘थोडंच घेतलंय’ ही सबब टिकेल असं धरून चालू नका. परवानगी नसेल तर फुग्यात सुरांची चिन्हं काढा आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे दाखवा. गाणं बहुतेकांना कळतंच.

सिनेमाच्या चौकटीला कायद्यापलीकडचाही एक तोटा आहे. पडद्यावर तुमचा माणूस धूसर, सिनेमाच्या नायकाच्या खांद्यामागे अर्धा. तेच उतरवलंत तर तुम्हीही त्याला पुन्हा मागेच उभं केलंत. कॅमेरा फिरवा. त्याच प्रसंगाचं चित्र सेटवरून काढा : पुढे आमचा माणूस, घामेजलेली मान, रंग फक्त चेहऱ्याला लावलेला, आणि दूरवर दिव्यांच्या झोतात पाठमोरा नायक. ही चौकट कुणाच्याही सिनेमात नाही, म्हणून ती तुमची आहे.

फोटो स्कॅन करताना पोस्टकार्डाएवढ्याला 600 डीपीआय (इंचाला 600 ठिपके) पुरेत, निगेटिव्हला 2400. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढायला जाऊ नका, वरचा थर काचेवरच राहतो. तो काचेसकट ठेवून, दोन बाजूंनी 45 अंशांवर दिवे लावून त्याचा फोटो घ्या. कात्रण स्कॅन करताना मागे काळा कागद ठेवा, नाहीतर पाठीमागचा मजकूर पुढे झिरपतो.

प्रश्न : फुग्यातली अक्षरं सगळ्यात वाईट दिसतात. शिवाय बोलणं प्रमाण मराठीत ठेवावं की सोलापुरी? – एक वाचिका, मंगळवार पेठ

अक्षरं वाईट दिसतात कारण फुगा आधी काढला जातो आणि मजकूर मागाहून कोंबला जातो. उलट करा. पेन्सिलीच्या टप्प्यावरच मजकूर लिहा, मग त्याभोवती फुगा काढा. एका फुग्यात वीस-बावीस शब्द, एका पानावर शंभर-एकशेवीस. त्यापुढे वाचक चित्र पाहत नाही. पहिला बोलणारा डावीकडे वर. चौकटीत तो उजवीकडे उभा राहिला असेल तर माणसंच हलवा, फुग्याची शेपटी दुसऱ्याच्या डोक्यावरून ओढत नेऊ नका.

देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, म्हणून ओळींत जागा जास्त हवी. छापील आकार 9.5 पॉइंट असेल तर ओळींमधलं अंतर 13.5 ते 14 पॉइंट. अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा, वाढवलंत की शिरोरेषा तुटते. ठळक अक्षरांचा मोह टाळा. ‘द्ध’, ‘क्ष’, ‘ङ’ यांची पोटं शाईने भरतात. इंग्रजीत ओरडणं मोठ्या लिपीतून दाखवतात, आपल्याकडे तशी लिपी नाही. आपल्याकडे अवग्रह आहे : ‘अरेऽऽऽ’. अक्षराचा आकार वाढवा, शिरोरेषा जाड करा आणि फुग्याची कड खडबडीत करा. हाताने लिहिणार असाल तर तीन रेघा आखा आणि शिरोरेषा शब्द पुरा झाल्यावर एका झटक्यात ओढा. अक्षरागणिक ओढली तर ओळ थरथरते.

संगणकावर पानं मांडायला इनडिझाइन वापरत असाल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडा, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. भाषा ‘मराठी’ निवडा. ज्या फॉण्टमध्ये सोय आहे त्यात ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात, एरवी हिंदी वळणाचे येतात. ‘कलम’, ‘बालू’, ‘मुक्त’ हे फॉण्ट मुक्त परवान्याचे आहेत, पुस्तकात वापरता येतात. त्यातला ‘कलम’ हस्ताक्षरासारखा आहे. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘ऱ्हास’ हे शब्द टाइप करून आधी तपासा. जुन्या श्री-लिपी सॉफ्टवेअरमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला असेल तर रफार आणि जोडाक्षरं ओळ न ओळ वाचून काढा.

बोलीचं म्हणाल तर निवेदनाची पट्टी प्रमाण मराठीत, फुगे सोलापुरीत. ‘काय करतो आहेस?’ असं म्हणणारा मित्र साखर पेठेत सापडायचा नाही, तो ‘काय करलालास बे?’ असंच विचारणार. मात्र ‘करलालास’, ‘येलालंय’, ‘लई’ असे तीस-चाळीस शब्द एका कागदावर कायमचे ठरवून घ्या, नाहीतर पान 12 वर एक आणि पान 90 वर दुसरं होतं. प्रत्येक वाक्याला ‘बे’ लावलात तर पात्राचं सोंग होतं. आणि आजोबा निवेदक असतील तर माईक हातात आला की त्यांची भाषा बदलते. त्या फुग्यात शुद्ध, जरा नाटकी मराठी घाला. माईक खाली ठेवला की परत सोलापुरी. या दोन भाषांतलं अंतर म्हणजे त्या माणसाचं निम्मं आयुष्य आहे.

घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असतील तर ते देवनागरीत तसंच लिहा, अर्थ चौकटीखाली बारीक द्या, आणि ती भाषा बोलणाऱ्याकडून वाचून घ्या. यंत्रमागाच्या आवाजाबद्दल एक सुचवणी : ‘खटक खटक’ प्रत्येक चौकटीवर लिहू नका. चार पानं लिहा, मग वीज गेलेल्या चौकटीत काहीच लिहू नका.

प्रश्न : आजोबा सगळं सांगायला तयार आहेत, दारूचंही. आजी आणि मुलं नको म्हणतात. एक जुना निर्माता पैसे बुडवून गेला, तो आता हयात नाही. त्याचं नाव घालू का? – एक वाचक, नवी पेठ

सर्वोच्च न्यायालयाने 1994 च्या राजगोपाल निकालात रेष आखून दिली आहे. सार्वजनिक नोंदींत असलेलं संमतीशिवाय लिहिता येतं, त्यापलीकडच्या खासगी आयुष्याला त्या व्यक्तीची संमती हवी. आजोबांची संमती आजोबांपुरती. आजीचं आजारपण, मुलीचं मोडलेलं लग्न ही त्यांची मालमत्ता नाही, त्यासाठी त्या त्या माणसाला विचारा.

निर्मात्याचं नाव नको. माणूस गेला म्हणून बदनामीचा प्रश्न संपत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये, जवळच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने मृताबद्दल केलेलं विधानही येऊ शकतं. त्याला चेहरा न देता काढा : सफारीची बाही, अंगठ्या, बंद होणारं गाडीचं दार. नावापेक्षा ते जास्त बोचतं.

आजोबांशी करार लेखी, दोघांच्या सह्यांनिशी. त्यात कोणते हक्क, किती वर्षं, कोणता प्रदेश, मानधन किती टक्के हे स्पष्ट लिहा. कॉपीराइटच्या हस्तांतरात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत. प्रकाशकाबरोबरच्या करारात हे हमखास राहून जातं, आणि भाषांतराचा किंवा सिनेमाचा प्रश्न आला की मग सगळे कागद शोधतात. पानं घरच्यांना दोनदा दाखवा : काड्या-माणसांच्या टप्प्यावर आणि शाईनंतर. पहिल्या वेळी बदल फुकट असतो, दुसऱ्या वेळी पानामागे दोन दिवस जातात. छापून आल्यावर पहिल्यांदा दाखवण्यासारखी घोडचूक दुसरी नाही.

प्रश्न : रंगीत करावं का? – एक वाचक, मोदीखाना

पहिलं पुस्तक असेल तर नाही.

प्रश्न : जुने प्रसंग पातळ शाईच्या छटांत केले होते. छापून आल्यावर सगळं चिखलासारखं झालं, अक्षरं दातेरी आली आणि आतल्या बाजूचे शब्द बांधणीत गेले. काय चुकलं? – एक वाचिका, सात रस्ता

तीन वेगळ्या चुका आहेत.

चिखल झाला कारण मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा साधा बिनचकाकीचा कागद, शाई शोषतो आणि छपाईचा ठिपका पसरतो. पडद्यावरची 50 टक्के छटा कागदावर 70 च्या आसपास दिसते. म्हणून स्कॅन केल्यावर मधल्या छटा मुद्दाम उजळ करा, इतक्या की पडद्यावर फिकट वाटतील. सगळ्यात गडद राखाडी 85 टक्क्यांवर थांबवा, त्यापुढे थेट काळा. पूर्ण पुस्तकात चार-पाच छटाच वापरा. वर्तमानकाळ नुसत्या रेषेत आणि भूतकाळ छटांत ठेवला तर वाचकाला तारखा सांगाव्या लागत नाहीत.

अक्षरं दातेरी आली कारण ती चित्रातच चिकटवून राखाडी फाइल केली गेली. तसं केलं की अक्षरांनाही ठिपके पडतात. चित्र 300 डीपीआयचं राखाडी, रेषा 600 ते 1200 ची निव्वळ काळी-पांढरी, आणि अक्षरं वेगळ्या थरावर, फक्त काळ्या शाईत, शेवटी बाह्यरेषेत बदललेली. मूळ चित्र छापील आकाराच्या दीडपट करा. क्राऊनचं पान सव्वासात बाय साडेनऊ इंचांचं, त्याचं दीडपट ए-3 कागदावर आरामात बसतं. पण दीडपट काढलेली रेघ छापताना आकसते. 0.1 च्या पेनची रेघ 0.07 मिलिमीटर होते आणि तुटते. 0.2 च्या खाली जाऊ नका.

बांधणीचं म्हणाल तर 128 पानं 100 जीएसएम (चौरस मीटरला 100 ग्रॅम) कागदावर छापली की जाडी आठेक मिलिमीटर होते, आणि चिकटवलेली बांधणी पूर्ण उघडत नाही. आतला समास 18 ते 20 मिलिमीटर ठेवा. कडेपर्यंत जाणारं चित्र तिन्ही बाजूंनी 3 मिलिमीटर बाहेर काढा. दोन पानांवर पसरलेल्या चित्रात चेहरा मध्यावर ठेवू नका, नाक बांधणीत जातं. 70 जीएसएमवर भरीव काळं मागच्या पानावर दिसतं, तो वाचवलेला पैसा अंगाशी येतो. कागदाचा दाणा कण्याला समांतर आहे ना, हे छापखान्याला आधीच विचारा. आडवा असेल तर पुस्तक हातात धरलं की मिटायला बघतं आणि पावसाळ्यात पानं लाटा घेतात. मुखपृष्ठाला 300 जीएसएम आर्ट कार्ड आणि मॅट लॅमिनेशन.

तीनशेपर्यंत प्रती डिजिटल करा, पाचशेच्या पुढे ऑफसेट परवडू लागतं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, विनाशुल्क मिळतो, अर्ज छपाईच्या बराच आधी करा, कारण तो क्रमांक मुखपृष्ठाच्या फाइलमध्ये जायचा असतो. आणि नमुना पडद्यावर पाहून सही करू नका. एक फर्मा त्याच कागदावर छापून घ्या, त्यात 78 वर्षांचा एक चेहरा, एक भरीव काळी चौकट आणि सगळ्यात बारीक अक्षरांचं पान येईल असं बघा, घडी घालून कापून आणा आणि दारात, उन्हाच्या उजेडात धरून वाचा.